काप (ठाणे व कल्याण–डोंबिवली परिसर)

काप : भाजीच्या चकत्यांना किंवा लांबट तुकड्यांना मीठ-मसाला चोळून, त्यांवर तांदळाचे पीठ, रवा अथवा पावाचा चुरा यांचे कोरडे आच्छादन देऊन तळलेला किंवा तव्यावर परतलेला कुरकुरीत पदार्थ. वांगी, सुरण, बटाटा, कच्ची केळी, निरफणस व रताळी यांचे काप कोकणपट्टीत सर्वत्र करतात. गोव्यात त्यांना ‘फोडी’ असे म्हणतात. काचऱ्या हा याहून निराळा प्रकार होय. त्यांत चकत्यांना आच्छादन नसते. भजी व बटाटेवडा यांचे आवरण बेसनाचे व ओले असते. कापांचे आच्छादन कोरडे असते. हा भेद वरकरणी किरकोळ वाटतो. तथापि ठाणे व कल्याण–डोंबिवली परिसरातील तळणाचा इतिहास बऱ्याच अंशी या दोन आवरणांच्या चढउताराचा इतिहास आहे. एकविसाव्या शतकात उष्ण हवेवर चालणारे एअर फ्रायर हे विजेचे उपकरण घरांत आल्यानंतर त्याला नवे वळण मिळाले.

पूर्वपीठिका : तळलेले पदार्थ महाराष्ट्रात व दख्खनमध्ये प्राचीन काळापासून ज्ञात आहेत. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथाच्या अन्नभोगविषयक भागात वटक, पूरिका इ. पदार्थांचे वर्णन आढळते. या राजाची राजधानी असलेले कल्याणी म्हणजे कर्नाटकातील बसवकल्याण. ठाणे जिल्ह्यातील कल्याणशी त्याचा घोटाळा होऊ नये. ठाणे जिल्ह्यातील कल्याण हे उल्हास नदीवरील प्राचीन बंदर असून पेरिप्लस या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात आणि कान्हेरीच्या शिलालेखांत त्याचा उल्लेख आहे.

ठाण्याची खाडी व उल्हास नदी यांच्या काठच्या आगरी आणि कोळी वस्त्यांत भात व मासळी हेच मुख्य अन्न. मासळीला हळद, तिखट, मीठ व आगळ चोळून आणि वरून तांदळाचे पीठ लावून ती तव्यावर तळण्याची रीत येथे रूढ आहे. भाजीच्या कापांची कृती जवळजवळ हीच आहे. सोमवारी, गुरुवारी किंवा श्रावणात मासळी वर्ज्य असताना पानातील तिची जागा सुरणाचे वा वांग्याचे काप घेतात. चातुर्मासात अनेक घरांत कांदा व वांगी खात नाहीत; म्हणून त्यापूर्वी येणाऱ्या आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याच्या भज्यांबरोबर वांग्याचे कापही केले जातात. सुरणात कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे सूक्ष्म स्फटिक असल्यामुळे घसा खवखवतो. त्यावर उपाय म्हणून सुरण आमसूल किंवा चिंच घातलेल्या पाण्यात उकळून घेण्याची पद्धत आहे.

पोर्तुगीज संपर्क : १५३४ च्या तहाने वसई व भोवतालचा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला. ठाण्यावर त्यांचा अंमल मराठ्यांनी १७३७ मध्ये ते जिंकेपर्यंत होता. वसईचा किल्ला १७३९ मध्ये पडला. पुढे १७७४ च्या अखेरीस ठाणे इंग्रजांनी घेतले. या सुमारे दोनशे वर्षांत अमेरिका खंडातील अनेक वनस्पती पश्चिम किनाऱ्यावर आल्या. मिरची, रताळे व बटाटा यांपैकी काहीही पूर्वीच्या मराठी स्वयंपाकात नव्हते. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आले आहेत. आज अस्सल घरगुती मानल्या जाणाऱ्या बटाट्याच्या कापांतील मुख्य भाजी व वरचे तिखट ही दोन्ही समुद्रमार्गे आलेली आहेत, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. पावाचा उपयोग मात्र दीर्घकाळ ख्रिस्ती वस्त्यांपुरता राहिला. पाव खाणे म्हणजे बाटणे, ही समजूत हिंदू समाजात एकोणिसाव्या शतकातही प्रबळ होती.

लोहमार्ग : १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे (सु. ३४ किमी.) हा भारतातील पहिला प्रवासी लोहमार्ग सुरू झाला, १ मे १८५४ रोजी तो कल्याणपर्यंत पोहोचला. बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये व थळघाटातील १८६५ मध्ये पुरा झाल्यावर कल्याण हे पुणे व नासिक या दोन्ही दिशांचे प्रस्थानक बनले. पुणे जिल्ह्यातील बटाटा आणि नासिककडील कांदा सुलभतेने येऊ लागला. सूपशास्त्र (१८७५) हे आरंभीच्या मुद्रित मराठी पाकपुस्तकांपैकी एक याच काळातील आहे.

इंग्रजी अंमलात आणखी एक कोरडे आच्छादन परिचित झाले. मूळ फ्रेंच शब्दावरून इंग्रजीत आलेले ‘कटलेट’ म्हणजे हाडासह कापलेला मांसाचा तुकडा. भारतात या शब्दाचा अर्थ पालटला आणि उकडून कुस्करलेल्या भाजीची, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेली चपटी वडी म्हणजे कटलेट असा तो रूढ झाला. रेल्वेचे उपाहारगृह व इराणी हॉटेल यांच्याद्वारा तो पदार्थ सर्वत्र गेला, आणि शिळा पाव वाळवून त्याचा चुरा करण्याची युक्ती घरोघर पोहोचली. रव्याने जे काम कोकणी स्वयंपाकात होत होते तेच चुऱ्याने होते. म्हणून हा बदल विनासायास पचनी पडला.

उपनगरी वस्ती व वड्याचे प्राबल्य : स्वातंत्र्योत्तर काळात गिरगाव, दादर, परळ येथील मध्यमवर्गीय मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने ठाणे, डोंबिवली व कल्याण येथे स्थायिक झाली. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे आणि १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण येथे महानगरपालिका स्थापन झाली. दुसरीत डोंबिवलीचा समावेश होता. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या सु. १८ लाख व कल्याण–डोंबिवलीची सु. १२ लाख होती. यांपैकी फार मोठा वर्ग रोज लोकलने मुंबईस ये-जा करणारा असल्याने स्थानकाबाहेर उभ्याने, एका हाताने खाता येईल अशा अन्नाची गरज उत्पन्न झाली. ती बटाटेवड्याने भागविली. वडापावाचा आरंभ १९६६ मध्ये दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी केला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ठाणे स्थानकाजवळचा कुंजविहारचा मोठ्या आकाराचा वडापाव आणि घराच्या खिडकीतून विकला जाऊ लागल्याने ‘खिडकी वडा’ हे नाव पडलेला कल्याणचा वडा ही त्याच परंपरेतील प्रसिद्ध नावे होत.

बेसनाच्या ओल्या आवरणाने बाजार जिंकला यामागे व्यावहारिक कारणे होती. असे आवरण भरपूर तेलात काही मिनिटांत तयार होते आणि आतील सारण सुरक्षित ठेवते. तसेच एका कढईत एकाच वेळी डझनावारी वडे निघतात. काप हे तव्यावर थोडे थोडे, दोन्ही बाजूंनी उलटत करावे लागतात, आणि ते निवल्यावर मऊ पडतात. म्हणून ते विक्रीचे होऊ शकले नाहीत. घरच्या जेवणापुरतेच राहिले.

घरीही त्यांना उतरती कळा लागली. काप करणाऱ्या स्त्रीला जेवणाऱ्यांच्या पानात गरम घाणा पडावा म्हणून शेवटपर्यंत चुलीपाशी उभे राहावे लागते आणि स्वतः मागून जेवावे लागते. नोकरीसाठी सकाळी लवकर घर सोडून अंधार पडल्यावर परतणाऱ्या स्त्रीला हे परवडण्यासारखे नव्हते. १९९२ मध्ये मध्य रेल्वेवर कल्याणपर्यंत खास स्त्रियांची गाडी सुरू झाली. परतीच्या प्रवासात डब्यातच मटार सोलणाऱ्या, गवार-फरसबी मोडणाऱ्या स्त्रिया हे या मार्गावरील नित्याचे दृश्य होते. डोंबिवलीत ठिकठिकाणी निघालेली पोळी-भाजी केंद्रे याच निकडीतून वाढली. कमलाबाई ओगले यांच्या रुचिरा (१९७०) या पुस्तकाने वाटी-चमच्याच्या मापाने कृती सांगून एकत्र कुटुंबापासून दुरावलेल्या गृहिणींना आधार दिला. पण पुस्तकाने कृती कळली तरी वेळ मिळाला नाही.

उष्ण हवेचे यंत्र : पंख्याने गरम हवा खेळवून अन्न शिजविण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत विल्यम मॅक्सन याने १९४०–५० च्या दशकात विमानातील गोठविलेले जेवण गरम करण्यासाठी अशी भट्टी तयार केली होती. फ्रेड व्हान डेर वेई या डच अभियंत्याच्या संशोधनावर आधारलेला घरगुती एअर फ्रायर फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडला. त्यानंतर काही वर्षांतच तो भारतीय बाजारात आला.

या उपकरणात वर तापणारी तार व तिच्यामागे वेगाने फिरणारा पंखा असतो. खाली सच्छिद्र तळाच्या टोपलीत पदार्थ ठेवतात. सु. १८०° ते २००° से. तापमानाची हवा पदार्थाभोवती सतत फिरते, पृष्ठभागावरील बाष्प दूर नेते आणि कवच वाळवून तांबूस करते. तांबूसपणा व खमंग वास हे प्रथिने आणि शर्करा यांच्यातील मेयार विक्रियेचे फळ होय. ती तळणीत व हवेत सारखीच घडते. मात्र तेल हवेपेक्षा कितीतरी जलद उष्णता देते. त्यामुळे तेलात तीन-चार मिनिटांत होणाऱ्या पदार्थास हवेत बारा ते पंधरा मिनिटे लागतात.

यातूनच आवरणांचा जुना भेद पुन्हा महत्त्वाचा ठरला. बेसनाचे ओले आवरण गरम तेलात पडताच क्षणात घट्ट होते. हवेत ते घट्ट होण्यापूर्वीच ओघळते, टोपलीच्या छिद्रांतून गळते व उरलेले चिवट बनते. म्हणून बटाटेवडा व भजी या यंत्रात नीट होत नाहीत. उलट रवा, तांदळाचे पीठ व पावाचा चुरा ही आच्छादने मुळातच कोरडी असल्याने लवकर कडक होतात. बाजारात मागे पडलेला काप नव्या यंत्राला साजेसा निघाला तो असा.

कृती : गाजर, फरसबी, सुरण, कच्चे केळे, रताळे किंवा वांगे यांचे सु. १ सेंमी. जाडीचे लांबट तुकडे करतात. गाजर व सुरण थोडे वाफवून घेतात. तुकड्यांना मीठ लावून दहा मिनिटांनी सुटलेले पाणी फडक्याने पूर्ण टिपतात. ओलावा राहिल्यास कवच मऊ पडते. नंतर हळद, तिखट व धनेपूड चोळून तुकडे मैदा किंवा तांदळाच्या पिठाच्या पातळ पेजेत बुडवितात आणि लगेच पावाच्या चुऱ्यात अथवा जाड रव्यात दाबून घोळवितात. आच्छादनावर एक-दोन चमचे तेल शिंपडणे आवश्यक असते; अजिबात तेल नसल्यास चुरा तांबूस न होता पांढरा व भुसभुशीत राहतो. यंत्र आधी तापवून तुकडे एकाच थरात, एकमेकांस न चिकटता मांडतात, आणि निम्म्या वेळेनंतर उलटतात. भेंडीच्या उभ्या चिरलेल्या फोडींना पेजेची गरज नसते. त्यांच्या अंगच्या चिकटपणावरच पीठ बसते. १,४०० वॉट क्षमतेचे यंत्र पंधरा मिनिटे अखंड चालल्यास जास्तीत जास्त ०.३५ युनिट वीज लागते.

आहारदृष्ट्या महत्त्व : तळणीतील तेल पुनःपुन्हा तापविल्याने त्यात ध्रुवीय संयुगे साठतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून अशा संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरविली; तेले व मेद यांतील ट्रान्स मेदाम्लांची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. हवेवर केलेल्या कापांत तेल फार थोडे लागते व वापरलेले तेल उरत नाही, हा त्यांचा खरा लाभ. तथापि मैदा, चुरा व बटाटा यांतील पिष्ट कमी होत नाही. पिष्टमय पदार्थ उच्च तापमानास तांबूस होताना ॲक्रिलामाइड हे द्रव्य तयार होते, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले. ते हवेतही तयार होते. म्हणून काप सोनेरी होताच काढावेत, करपू देऊ नयेत.

यंत्रामुळे चुलीपाशी उभे राहण्याचे श्रम वाचले. निवडणे, चिरणे व घोळविणे मात्र हातांकडेच राहिले. टोपलीत एका वेळी दोघातिघांपुरतेच काप मावतात. पूर्वीच्या पंगतीला हे यंत्र पुरे पडले नसते. आजच्या छोट्या कुटुंबाला ते पुरते. काप होईपर्यंत ते करणारी व्यक्ती इतरांबरोबर पानावर बसू शकते, हा बदल या पदार्थाच्या इतिहासात तेलाच्या बचतीहून कमी महत्त्वाचा नाही.