नागपूरची गाडी, एक अनोळखी साहेब आणि रेव्हरंड टिळक

मंडळी, बसस्टँडवर किंवा रेल्वेत कुणी येशूचं पत्रक हातात ठेवलं, की आजकाल दोनच गोष्टी होतात. एक तर आपण ते न वाचता सीटखाली टाकतो, नाहीतर मोबाइल काढून त्या माणसाचा व्हिडिओ करतो. या दोन्हींच्या मध्ये बोलणं नावाची एक गोष्ट असते, ती राहूनच जाते. म्हणून आज एका जुन्या प्रवासाची हकिकत.

साल १८९३. आपला वाशीम तेव्हा 'बासीम' नावाने वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. गावाला रेल्वे नव्हती. मिशनरी मंडळी वऱ्हाडातल्या खेड्यांमधून बैलगाडीने फिरत. पण मराठी साहित्याच्या इतिहासात नोंदली गेलेली भेट खेड्यात झाली नाही, ती झाली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत.

डब्यात नारायण वामन टिळक होते. कोकणातल्या करजगावचा जन्म, चित्पावन ब्राह्मण घर, वय ३१, संस्कृतचा व्यासंग आणि हाती कविता. समोर एक युरोपियन प्रवासी. बोलणं धर्मावरून नाही, संस्कृत काव्यावरून सुरू झालं. साहेबाने आधी समोरच्याची आवड ओळखली, ऐकून घेतलं. मग केव्हातरी विषय ख्रिस्ताकडे वळला. उतरण्याआधी त्याने 'नवा करार' हाती दिला आणि सांगितलं, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल.

टिळकांना ते भाकीत पटलं नाही. पण पुस्तक वाचीन असा शब्द दिला होता, म्हणून वाचायला घेतलं. येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. पुढे वाचन, पत्रव्यवहार, शंका, घालमेल. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथवर ही गोष्ट चर्चमध्ये नेहमी सांगतात. पण तिची दुसरी बाजू 'स्मृतिचित्रे'त आहे, आणि ती टिळकांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी लिहिली आहे. नवरा धर्म बदलतो आणि बायकोचं जग एका दिवसात उलटंपालटं होतं. नवरा जिवंत, तरी संसार मोडलेला. पदरी लहान मुलगा, लोकांची बोलणी, नातेवाइकांचा आसरा. चार-पाच वर्षं हे दोघं वेगळे राहिले. साहेब आपल्या स्टेशनवर उतरून गेला, पण त्या गप्पांची किंमत या बाईने मोजली. धर्मप्रचाराला निघणाऱ्या प्रत्येकाने हे पान आधी वाचावं, असं मला वाटतं.

पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, त्या आपला धर्म आणि सोवळंओवळं सांभाळूनच. जातीचा विटाळ मनातून गेला तो स्वतः विचार करून. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तोही स्वतःच्या निर्णयाने, १९०० साली. म्हणूनच तो निर्णय त्यांचा होता, असं आपण आज निर्धास्तपणे म्हणू शकतो.

टिळकांनी धर्म बदलला, पण मराठीपण सोडलं नाही. ख्रिस्तभक्ती त्यांनी अभंगातून आणि कीर्तनातून मांडली. तुकोबांची वाट त्यांना परकी वाटली नाही. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही तिथे जागा असावी, ही त्यामागची कल्पना. ९ मे १९१९ रोजी ते गेले.

आता आपल्याकडे बघा. फिरून देवाची गोष्ट सांगणाऱ्यांचं आपल्या भागाला काय नवल? कारंज्यात जन्मलेले नृसिंह सरस्वती देशभर फिरले. पोहरादेवीला ज्यांची समाधी आहे ते सेवालाल महाराज तांड्यातांड्यांतून फिरले. गाडगेबाबा तर खराटा घेऊन आयुष्यभर चालतच राहिले. अनोळखी माणसाला थांबवून चार शब्द सांगणं ही आपलीच जुनी रीत आहे.

कायदाही स्पष्ट आहे. घटनेचं २५वं कलम धर्माचा प्रचार करण्याचा हक्क देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याच्या मर्यादेत. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रचार म्हणजे आपली तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. म्हणजे सांगायची मोकळीक आहे, ओढायची नाही. आमिष, भीती, आजारपणाचा फायदा, हे घडत असेल तर तक्रार जरूर करा. पण नुसतं पुस्तक पुढे करणाऱ्याची कॉलर धरणं हा कुठला धर्म?

त्या साहेबाने जे केलं ते एवढंच: ऐकलं, बोलला, पुस्तक दिलं, उतरला. निर्णयाची दोन वर्षं टिळकांची होती आणि त्यानंतरची पाच लक्ष्मीबाईंची. सांगणाऱ्याने उतरायचं कुठे हे ओळखावं आणि ऐकणाऱ्याने 'नको' म्हणतानाही माणुसकी ठेवावी. अकोला-पूर्णा लाइनवर आपण सगळेच एका डब्यातून जातो, बाबांनो.

मत वेगळं असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा. फक्त शिव्या नकोत.