पगाराचा आकडा आणि झोपेचा हिशेब

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. त्यानंतर बरोबर आठवड्याने, ८ जूनला, एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. कॅप्टन होते के. आर. गझदर. एकाच आठवड्यातले हे दोन प्रवास इतिहासाच्या पुस्तकांत कधी शेजारी येत नाहीत. एकाचा पगार आणि दुसऱ्याचा पगार यांत जमीन-अस्मानाचे अंतर, हे तर उघडच आहे. काम मात्र मुळात एकच: अनोळखी माणसांचा जीव हाती घेऊन त्यांना सुखरूप पोचवणे. त्यासाठी दोघांनाही सर्वांत आधी लागते ती पुरेशी झोप.

हे सांगण्याचे कारण शेवगावातच आहे. २०१७ च्या ऑक्टोबरात काकडीचे शिर्डी विमानतळ सुरू झाले आणि विमान आपल्या जिल्ह्यात उतरू लागले. तेव्हापासून बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेल्या मुलांचे पालक मला वैमानिकाच्या अभ्यासक्रमाविषयी विचारतात. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. खर्च पन्नास लाखांच्या पुढे जातो. त्यावर विशिष्ट जातीच्या विमानाचे प्रशिक्षण वेगळे. एवढे पैसे उभे करायचे तर शेताचा तुकडा विकावा लागतो किंवा गहाण टाकावा लागतो. म्हणून पहिला प्रश्न येतो, "पगार किती?" प्रश्न रास्त आहे. पण या व्यवसायाचा इतिहास चाळला, तर दुसरा प्रश्नही तितकाच मोठा दिसतो: विश्रांती किती?

सुरुवातीला हा प्रश्न कोणाला पडला नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट ते बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. एका इंजिनाचे छोटे पस मॉथ विमान, सोबत रेडिओ नाही, जुहूच्या धावपट्टीवर दिवे नाहीत. अशा स्थितीत उड्डाण दिवसाउजेडीच करावे लागे. वैमानिकाच्या झोपेची राखण त्या काळी सूर्यच करीत होता.

हे चित्र पालटले ते महाराष्ट्रातच. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून विमाने निघत आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने परतत. सकाळी दारात पडणाऱ्या पत्रामागे वैमानिकांचे रात्रभराचे जागरण असे. रात्रपाळी हा या नोकरीचा कायमचा भाग झाला तो असा.

१ ऑगस्ट १९५३ रोजी विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढची चार दशके वैमानिक म्हणजे सरकारी महामंडळाचा नोकर. नोकरी पक्की, प्रतिष्ठा मोठी. लांब पल्ल्याच्या विमानात तेव्हा दोन वैमानिकांखेरीज मार्ग आखणारा नेव्हिगेटर, रेडिओ सांभाळणारा आणि इंजिनांवर लक्ष ठेवणारा अभियंता असे. तंत्रज्ञान सुधारले तसे हे तिघे एकेक करून उतरले. आज कॉकपिटमध्ये दोनच माणसे उरली आहेत. बरेचसे काम यंत्राने उचलले हे खरे. पण नजर ठेवायला माणसे कमी झाली आणि उरलेल्या दोघांनी ताजेतवाने असणे अधिकच महत्त्वाचे झाले.

नव्वदच्या दशकात खासगी कंपन्या आल्या, १९९४ मध्ये जुना महामंडळ कायदा रद्द झाला आणि पगार झपाट्याने वाढले. त्याच वेळी पगाराचा मोठा हिस्सा उड्डाणाच्या तासांशी बांधला गेला. हे तास मोजतात ते विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत. त्याआधीची तयारी, धुक्यातली ताटकळ, परगावच्या हॉटेलातला मुक्काम या हिशेबात येत नाही. भारतात वैमानिकाला वर्षाला जास्तीत जास्त १,००० तास उडता येते. ऐकायला हा आकडा लहान वाटतो, कारण घराबाहेर काढलेले तास त्यात धरलेलेच नसतात.

मोठा पगार टिकेलच, याचीही हमी राहिली नाही. २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी एअर इंडियाच्या वैमानिकांइतक्या पगारासाठी दहा दिवस संप केला. २०१२ च्या ऑक्टोबरात किंगफिशरची उड्डाणे थांबली. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले. दोन्हीकडे त्याआधी पगार महिनोन्महिने थकले होते. ज्यांनी प्रशिक्षणासाठी कर्ज काढले होते, त्यांचे हप्ते मात्र थांबले नाहीत. करोनाच्या साथीत पुन्हा पगारकपात आली.

आता विश्रांतीकडे वळू. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत गेले. १५८ जण मृत्युमुखी पडले. चौकशी निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता; ते दीड तासाहून अधिक काळ झोपले होते. झोपेतून उठल्यावर काही काळ मेंदू जड राहतो, निर्णय चुकतात. त्या अवस्थेची अहवालाने स्पष्ट नोंद घेतली.

दुसरी घटना आपल्या अधिक जवळची. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला धावपट्टीवरून घसरलेल्या विमानाचे कॅप्टन होते दीपक साठे, वायुसेनेतून आलेले अनुभवी वैमानिक. त्या अपघातात त्यांच्यासह २१ जणांचा मृत्यू झाला. चौकशी अहवालाने ठरलेली कार्यपद्धती न पाळल्याचा ठपका वैमानिकावर ठेवला. पण अहवाल तिथेच थांबला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण याच कॅप्टनकडे होते आणि कोझिकोडला पुरेसे कॅप्टन नव्हते. पाऊस आणि वारा असतानाही तिथेच उतरण्याच्या निर्णयामागे हे दडपण होते, असे त्यात नोंदवले आहे. ड्यूटीच्या तक्त्यातली टंचाई ओल्या धावपट्टीपर्यंत कशी पोचते, ते इथे दिसते.

या धड्यांतून नियम कडक झाले. जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या वेळेतील उतरणी सहावरून दोनवर आणल्या. अंमलबजावणी रेंगाळली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर २०२५ च्या जुलै व नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. डिसेंबरात इंडिगोची उड्डाणे कोलमडली. एका दिवसात हजारांहून जास्त विमाने रद्द झाली आणि नव्या नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. प्रवाशांचे हाल खरेच झाले. पण त्या गोंधळात एक गोष्ट उघडी पडली. वैमानिकांना ठरलेली विश्रांती दिली की वेळापत्रक मोडत असेल, तर आधीचे वेळापत्रक त्यांच्या झोपेवर उभे होते, असाच त्याचा अर्थ होतो.

शेवगावकरांना हे समजायला विमानात बसावे लागत नाही. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि सात दिवसांत एक सुट्टी, हे चालकासाठी तेव्हाच लिहिले गेले. तरी मुक्कामी गाडीचा चालक रात्री कुठे आणि किती झोपतो, हे आगारातल्या कोणालाही विचारावे. कागदावरचा नियम आणि अंगावरचा थकवा यांतले अंतर एसटीत आहे तसेच विमानातही आहे. फरक इतकाच, की वैमानिकाच्या मोठ्या पगाराआड ते चटकन दिसत नाही.

म्हणून मुलाला किंवा मुलीला या वाटेवर पाठवू नका, असे मी म्हणणार नाही. आकाशातले हे काम मनापासून आवडणारी माणसे आहेत आणि तो आनंद खोटा नाही. फक्त जमिनीचा व्यवहार करण्याआधी पगाराबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा: महिन्यात रात्रपाळ्या किती, सलग सुट्टी किती आणि कंपनी अडचणीत आली तर कर्जाचा हप्ता कोण भरणार? आणि आपले विमान उशिरा सुटले, वैमानिकाची ड्यूटीची वेळ संपली असे कोणी सांगितले, तर खिडकीवरच्या मुलीवर ओरडू नका. तो उशीर आपल्याच जिवासाठी असतो.