पहाटे दोनला उठणारी लेखिका

इतिहासाच्या गप्पांमध्ये आपण बहुतेक वेळा राण्या आणि समाजसुधारक बायका घेतो. आज जिच्याबद्दल बोलायचंय, ती कधीच न घडलेल्या गोष्टी लिहायची. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा. जयंत नारळीकरांच्या कथा ज्यांनी वाचल्यात, त्यांना हा प्रकार ठाऊक आहे. हिचं नाव ऑक्टेव्हिया बटलर. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, पॅसाडिना इथे २२ जून १९४७ ला एका कृष्णवर्णीय कुटुंबात ती जन्मली.

वडील बूटपॉलिश करायचे, ते ती लहान असतानाच गेले. आई गोऱ्या लोकांच्या घरी घरकाम करायची. कधीकधी लेकीला सोबत न्यायची. आई त्या घरात मागच्या दाराने शिरायची आणि मालकांचे टाकून बोलणे मुकाट ऐकून घ्यायची, ते ऑक्टेव्हियाने लहानपणीच पाहिलं. आईची स्वतःची शाळा लवकर सुटली होती. पण मालकांनी टाकून दिलेली पुस्तकं, मासिकं ती घरी घेऊन यायची. मुलगी दहा वर्षांची असताना हट्ट धरून बसली, तर या माउलीने टाईपरायटर घेऊन दिला. धुण्या-पुसण्याच्या कमाईतून टाईपरायटर! शेजारणी काय म्हणाल्या असतील, ते आपल्याला सांगायला नको. एक मावशी तर मुलीला म्हणालीच, की आपल्यातले लोक लेखक होत नसतात. पुढे 'एजंट' म्हणवणाऱ्या एका माणसाने गोष्ट वाचण्याची फी म्हणून साठ डॉलरहून जास्त उकळले. ते या घराच्या महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त होते. हाती काहीच आलं नाही. आधी पैसे भरा, मग काम देतो, म्हणणारे आपल्याकडेही येतातच.

आईची इच्छा होती, मुलीने ऑफिसात कायमची नोकरी धरावी. मुलीने मात्र बदली कामं धरली. भांडी घासली, फोनवरून माल विकला, कारखान्यात बटाट्याच्या चिप्स तपासल्या. डोकं वापरावं न लागणारी कामं तिला बरी वाटत, कारण डोकं तिला गोष्टीसाठी मोकळं हवं असायचं. पहाटे दोन-तीनला उठायचं, लिहायचं, मग कामावर जायचं. १९७० साली क्लॅरियन नावाच्या लेखन शिबिरात तिच्या दोन कथा विकल्या गेल्या. आता गाडी रुळावर आली, असं वाटलं असेल. पुढची पाच वर्षं एक शब्द विकला गेला नाही. पहाटे उठणं तिने सोडलं नाही. पहिली कादंबरी छापून आली १९७६ ला.

आम्हाला सगळ्यात जवळची वाटते ती १९७९ ची 'किंड्रेड'. तिच्या मुळाशी कॉलेजातलं एक बोलणं आहे. काळ कृष्णवर्णीय तरुणांच्या चळवळीचा होता. त्याच चळवळीतल्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं. ऑक्टेव्हियाच्या ओळखीतला एक तरुण आपल्या आधीच्या पिढ्यांवर चिडलेला होता. हे लोक इतके वाकलेच कसे, असं त्याचं म्हणणं. तिला आई आठवली. आई मागच्या दाराने गेली नसती, तर घरात पोटभर अन्न आलं नसतं. त्या तरुणाला इतिहास पाठ होता, पण तो अंगावर घेतलेला नव्हता, असं तिला वाटलं.

म्हणून तिने १९७६ सालच्या डाना नावाच्या कृष्णवर्णीय बाईला उचलून थेट शंभर-दीडशे वर्षं मागे, मेरीलँडमधल्या गुलामांच्या मळ्यावर नेऊन टाकलं. तिथे सारा नावाची स्वयंपाकीण आहे. मालकाने तिची मुलं विकलीत, फक्त एक मुकी मुलगी तिच्याजवळ उरलीय. ती मुलगी जाऊ नये म्हणून सारा गप्प राहते. डाना आधी तिला भित्री समजते. पण स्वतःच्या पाठीवर चाबूक पडतो, तेव्हा तिला कळतं की तिथे नुसतं जिवंत राहायलाच किती बळ लागतं. आपल्या सासवा-आज्यांनी इतकं सोसलंच कशाला, असं आपल्यातल्या शिकलेल्या मुली पटकन म्हणतात. आम्हीही म्हटलंय.

हे लिहायला ती बसने मेरीलँडला गेली. देशाचा दुसरा कोपरा तो. जवळच जॉर्ज वॉशिंग्टन यांचा मळा आहे, तोही तिने पाहिला. तिथले वाटाडे गुलामांना 'नोकर' म्हणत होते!

ती स्वतः गाडी चालवत नसे, बसनेच हिंडायची. एकदा आजारी मैत्रिणीला भेटायला जाताना बसमध्ये रक्त निघेपर्यंत मारामारी झाली. त्यातून माणसांची बोलण्याची शक्तीच गेलेल्या जगाची कथा आली आणि तिला १९८४ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. १९९५ ला मॅकआर्थर शिष्यवृत्ती आली, २,९५,००० डॉलर. विज्ञानकथा लिहिणाऱ्या कुणाला ती मिळण्याची ती पहिलीच वेळ. २००६ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी ती गेली.

तिच्या वह्या पॅसाडिनाशेजारच्या हंटिंग्टन ग्रंथालयात ठेवल्यात. गोष्टींच्या टिपणांसोबत खरेदीच्या याद्या आणि खर्चाचे हिशेबही आहेत. १९८८ च्या एका वहीत तिने स्वतःलाच बजावून ठेवलंय, की माझी पुस्तकं सगळ्यात जास्त खपणाऱ्यांच्या यादीत जातील, आईला आणि मला चांगले उपचार मिळतील, गरीब मुलांना लेखन शिबिराला पाठवीन, हवी तेव्हा भाड्याची गाडी करीन. ती यादी न्यूयॉर्क टाइम्स छापतं. तिचं पुस्तक त्यात आलं २०२० मध्ये.