कोठडीतली शाळा

माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. तरी पोट भरले ते मुलांना शिकवून आणि कादंबऱ्या लिहून. शिकवायला अधिकार कोणता लागतो, हा प्रश्न मला म्हणूनच अधूनमधून टोचतो. तो टोचला की टेरी अँडरसन यांची हकीकत आठवते.

अँडरसन यांचा जन्म १९४७ सालचा, अमेरिकेतल्या ओहायओ राज्यातला. व्हिएतनामच्या युद्धात ते मरीन दलाचे वार्ताहर होते. पुढे 'असोसिएटेड प्रेस' या वृत्तसंस्थेने त्यांना जपान, दक्षिण आफ्रिका असे फिरवीत बैरूतला धाडले. लेबनॉनात तेव्हा यादवी माजली होती.

१६ मार्च १९८५. टेनिस खेळून, एका सहकाऱ्याला घरी सोडून ते निघणार, तोच बंदूकधाऱ्यांनी त्यांना ओढून नेले. त्या शिया गटाला कुवेतच्या तुरुंगातले आपले १७ साथीदार सोडवून घ्यायचे होते. त्या सौद्यासाठी हा ओलीस! सुटका झाली ४ डिसेंबर १९९१ रोजी, म्हणजे २,४५४ दिवसांनी. मधल्या काळात वडील गेले, भाऊ गेला. पकडल्यावर तीन महिन्यांनी जन्मलेली मुलगी त्यांनी प्रथम पाहिली तेव्हा ती सहा वर्षांची झाली होती. जगाला बातम्या पुरवणारा माणूस स्वतःच बातमी होऊन बसला होता.

पण त्या अंधारातही शाळा भरली. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातले शेतकी शाखेचे डीन टॉमस सदरलँड हेही ओलीस होते. ते फ्रेंच शिकवीत, अँडरसन शिकत. शेजारच्या खोलीत इंग्लंडच्या धर्मपीठाचे दूत टेरी वेट एकटे कोंडलेले होते. भिंतीवर ठोके देऊन संभाषण चाले. इंग्रजीतल्या पहिल्या अक्षराला एक ठोका, सव्विसाव्याला सव्वीस! एवढ्या कष्टाने शब्द पोचवायचा म्हटल्यावर फुकटचा शब्द कोण वापरील? वृत्तविद्येचा याहून कडक धडा मला तरी ठाऊक नाही.

सुटल्यावर त्यांनी कोलंबिया, ओहायओ, केंटकी, सिरॅक्यूज, फ्लॉरिडा अशा विद्यापीठांतून वृत्तविद्या शिकविली. १९९६ साली ते लेबनॉनला परतले आणि हिजबुल्लाचे प्रमुख हसन नसरल्ला यांच्यासमोर बसून त्यांनी त्या ओलीस-प्रकरणाबद्दलच प्रश्न विचारले. सूड घ्यायला नव्हे, मुलाखत घ्यायला! इराणवरच्या दाव्यात पुढे कोट्यवधी डॉलर मिळाले. तेही बुडाले आणि २००९ साली दिवाळे निघाले. मात्र अभिनेत्री किउ चिन यांच्यासह उभारलेल्या संस्थेने व्हिएतनामात बांधलेल्या पन्नासाहून अधिक शाळा बुडाल्या नाहीत. ज्या भूमीवर हा गृहस्थ गणवेश घालून उतरला होता, तिथे आता पोरे पाढे म्हणू लागली.

२०१५ साली ते निवृत्त झाले. २१ एप्रिल २०२४ रोजी वारले. मुलगी सुलोमी हीदेखील पत्रकारच झाली.

शिकवण्याचा अधिकार पदवीत असतो, तसा अनुभवातही असतो, असे आपण सहज म्हणतो. मला वाटते, तो त्याहून साध्या गोष्टीत असावा. साखळदंडातही जो शिकायचे सोडीत नाही, त्याने खडू हाती घ्यावा.

आमच्या शाळेत दोन वर्गांमध्ये पातळ भिंत आहे. पलीकडचे एखादे कार्टे तिच्यावर ठोके मारते. पूर्वी मी छडी घेऊन धावत असे. हल्ली आधी ठोके मोजतो.