ऋतू, वाहिन्या आणि ध्यानातील देहसंवेदना : चिनी परंपरेचा ऐतिहासिक विचार

ध्यानास बसलेल्या साधकास ओटीपोटात ऊब, पाठीच्या कण्यातून वर चढणारी उष्णता किंवा हातापायांत मुंग्या जाणवतात. चिनी परंपरेने या संवेदनांचा अर्थ 'ची' ही प्राणशक्ती आणि ती वाहून नेणाऱ्या वाहिन्या यांच्या आधारे लावला. या वाहिन्यांचे ऋतूंशी सांगितले जाणारे नाते साधकाच्या अनुभवातून आले की कालगणनेतून, हा येथे मूलभूत प्रश्न आहे.

हुनान प्रांतातील मावांगदुई येथे इ.स.पू. १६८ मधील थडग्यातून १९७३ मध्ये रेशमी हस्तलिखिते हाती आली. त्यांत अकरा वाहिन्यांचे वर्णन आहे. मात्र त्या एकमेकींस जोडून अखंड चक्र पूर्ण करीत नाहीत. हुबेई प्रांतातील झांगजियाशान येथील उत्खननात (१९८३-८४) एकाच थडग्यात वाहिन्यांविषयीचा ग्रंथ आणि ऋतुचर्येने आरंभ होणारा व्यायामविषयक ग्रंथ मिळाला. एकाच संग्रहात असूनही हे दोन विषय स्वतंत्र ग्रंथांत मांडलेले होते.

हान काळात संकलित झालेल्या 'हुआंगदी नेइजिंग' या वैद्यकग्रंथात ही सांगड पूर्ण झालेली दिसते. यकृताचा वसंताशी, हृदयाचा उन्हाळ्याशी, फुप्फुसांचा शरदाशी, तर मूत्रपिंडांचा हिवाळ्याशी संबंध जोडला गेला. वाहिन्या बारा झाल्या. पायांच्या डाव्या-उजव्या मिळून बारा वाहिन्यांची वाटणीही बारा महिन्यांत करण्यात आली. ही समप्रमाण रचना देहनिरीक्षणापेक्षा पंचांगाच्या अधिक जवळची आहे.

तथापि अनुभवाचा दावा लोपला नाही. सोळाव्या शतकातील वैद्य ली शिझेन यांनी आठ विशेष वाहिन्यांवरील ग्रंथात, देहांतर्गत मार्ग अंतर्मुख दृष्टीनेच पाहता येतात, असे प्रतिपादन केले. पुढे च्यांग वेइछ्याव (१८७३-१९५८) यांनी क्षयरोगाने ग्रस्त असताना ध्यानसाधना आरंभिली. १९१४ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी शरीरात फिरणाऱ्या उष्णतेची नोंद केली; परंतु पारंपरिक 'दानतियान' या संज्ञेऐवजी 'गुरुत्वमध्य' ही पदार्थविज्ञानातील संज्ञा योजली.

सारांश, संवेदना आणि तिचा नकाशा या दोन भिन्न बाबी होत. उष्णतेचा अनुभव खरा असू शकतो. त्यामुळे वाहिन्यांची संख्या किंवा त्यांचे ऋतुमान सिद्ध होत नाही. उलट, नकाशा बदलला म्हणून साधकाचा अनुभवही खोटा ठरत नाही. हा भेद न राखल्यास इतिहासाचे रूपांतर श्रद्धेच्या समर्थनात किंवा उपहासात होण्याचा धोका संभवतो.