काचेच्या डबीवरचे ठिपके

नदीवर धुणं धुताना दगडावरच्या तपकिरी, बुळबुळीत थरावरून पाय घसरला की आपण शेवाळाच्या नावानं बोटं मोडतो. त्या थरात बहुतेक वेळा डायटम असतात. एकाच पेशीचे हे जीव पाण्यातली सिलिका घेऊन स्वतःभोवती काचेची डबी करतात. खाली डबा, वर झाकण. आणि डबीवर रांगोळीसारखे नेमके ठिपके.

या ठिपक्यांवरून युरोपात मोठं भांडण झालं होतं. आज तेच सांगतो.

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाचं भिंग चांगलं की वाईट, हे तपासायला त्याखाली प्लुरोसिग्मा नावाचा डायटम ठेवत. त्याच्या ठिपक्यांच्या ओळी इतक्या दाट, की एका मिलिमीटरात दोन हजारांच्या आसपास बसतात. ठिपके वेगवेगळे दिसले की भिंग पास! पण ठिपका म्हणजे काय? काहीजण म्हणत, मण्यासारखा उंचवटा. काही म्हणत, भोक.

अडचण अशी, की मोठं करून दाखवणाऱ्या भिंगाखाली एका वेळी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढाच थर स्पष्ट दिसतो. भिंग जरा वर घेतलं तर ठिपका पांढरा, जरा खाली नेलं तर तोच काळा. मग कॅमेरा आला. पण तोही एकच थर टिपणार. मणी दाखवायचे तर मणी, भोकं दाखवायची तर भोकं!

आम्हाला सगळ्यात आवडली ती फुटक्या तुकड्यांकडे बघणाऱ्यांची युक्ती. टपाल तिकिटांचा कागद कुठून फाटतो? भोकांच्या ओळीवरूनच ना? डायटमची काचही ठिपक्यांमधूनच तडकत होती. म्हणजे तिथं ती कमजोर होती. उंचवटा असता तर तिथं जाड असती.

१९३६ साली जर्मनीत क्राउझे यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून डायटमचे फोटो छापले. १९६५ पासून वस्तूचा पृष्ठभाग दाखवणारे तसले सूक्ष्मदर्शक विकत मिळू लागले. डायटमवर सोन्याचा पातळ थर द्यायचा, एक फोटो घ्यायचा, तो किंचित तिरका करून दुसरा घ्यायचा. एका डोळ्यानं एक, दुसऱ्यानं दुसरा पाहिला की खोली, उंची समोर उभी राहते. ठिपका म्हणजे भिंतीतला पोकळ खणच निघाला, त्याला बारीक तोंडं.

आपल्याकडे १९५० च्या दशकात एच. पी. गांधी यांनी कोल्हापूर परिसरातल्या पाण्यातले डायटम अभ्यासले, त्यांची चित्रं प्रसिद्ध केली. चित्र काढणाऱ्याला एक सोय असते. भिंग खालीवर करत दिसलेले सगळे थर तो एकाच कागदावर उतरवू शकतो. कॅमेऱ्याला ते जमत नव्हतं. आता जमतं. थराथराचे अनेक फोटो काढतात आणि संगणक त्यांतला स्पष्ट भाग तेवढा वेचून एक फोटो जुळवतो, तांदूळ निवडावेत तसा.