पक्का रंग आणि रंगाऱ्याची छाती

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वस्तू रंगवतात ती आधी टिकावी म्हणून, मग दिसावी म्हणून. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि उरलेले महिने खारा वारा, यांत उघडे लाकूड आणि उघडे लोखंड दोन्ही झपाट्याने जाते. कोकणाने यावर शोधलेला जुना उपाय गलबतांच्या आणि होड्यांच्या तळाला दिसे. माशाचे तेल, काजूच्या टरफलांचे तेल, राळ, चुना यांचे लेप चढवायचे आणि ते झिजले की पुन्हा चढवायचे. त्यासाठी नाव कोरड्यावर घ्यावी लागे. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीत मराठा आरमाराची गोदी आजही पाहायला मिळते. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत तो भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे, ओहोटीला तळ उघडा पडला की तो खरवडून, सांधे बुजवून नवा लेप द्यायचा. पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेपूर्वी त्यांची डागडुजी व रंगरंगोटी उरकायची, हा किनाऱ्यावरचा क्रम त्याच शहाणपणाचा आहे. टिकाऊपणा एका हातात मिळत नसे. तो दरवर्षी नव्याने कमवावा लागे. या लेपांचा आणखी एक गुण मला महत्त्वाचा वाटतो. काजूच्या टरफलांच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात. पण ते लगेच कळते. धोका होता, तो लपलेला नव्हता.

लोखंडाबरोबर ही स्थिती बदलली. पोलादी बोटींना आणि पुलांना गंजापासून वाचवण्यासाठी जगभर शेंदूर, म्हणजे शिशाचे लाल ऑक्साइड, तेलात कालवून अस्तर म्हणून वापरला गेला. गंजरोधक म्हणून तो उत्तमच होता. मात्र जुना थर खरवडताना उडणारे शिसे रक्तात साठत जाते आणि साठताना काहीही जाणवू देत नाही. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर ९० पीपीएमची सक्तीची मर्यादा आली ती थेट १ नोव्हेंबर २०१७ पासून.

मोटारीच्या रंगाची गोष्ट याच वाटेने जाते. सुरुवातीच्या गाड्या घोडागाड्यांप्रमाणे कुंचल्याने रंगवल्या जात. तेलाचे आणि व्हार्निशचे थर वाळायला कित्येक आठवडे लागत. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा ‘ड्यूको’ आणला. हा फवाऱ्याने मारता येई आणि पाहता पाहता वाळे. आपल्याकडच्या गॅरेजांत आणि फर्निचरच्या कारखान्यांत फवारलेल्या रंगाला अजूनही ड्यूको म्हणतात, इतका त्याचा पगडा बसला. कुंचला जाऊन गन आली, वेळ वाचला, आणि रंग प्रथमच धुक्याच्या रूपाने माणसाच्या छातीत शिरू लागला. तरी थिनरचा वास उग्र असतो; डोके जड झाले की माणूस बाहेर येतो.

पुढची पायरी मात्र वेगळी आहे. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांच्या प्रयोगशाळेत पॉलियुरेथेन तयार झाले. कारखान्यात गाडीचा सांगाडा अस्तराच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने अस्तर बसवतात आणि भट्टीत भाजतात. पण तयार गाडी, टायर आणि प्लास्टिकसकट, तशा भट्टीत घालता येत नाही. म्हणून दुरुस्तीच्या धंद्यात भट्टीचे काम हार्डनरकडे आले. ‘टू-के’ (दोन घटकांच्या) किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनच्या, रंगात ऐनवेळी मिसळतात ते हार्डनर आयसोसायनेटचे असते. भोपाळ दुर्घटनेतला वायू याच रासायनिक कुटुंबातला, पण हार्डनर त्याच्यासारखे सहज उडत नाही. गन मात्र त्याचे बारीक तुषार करते आणि ते थेट फुप्फुसात जातात. एकदा शरीर त्याला बिचकले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दमा उसळतो. ब्रिटनच्या कामगार सुरक्षा यंत्रणेच्या मते वाहने रंगवणाऱ्यांना दम्याचा धोका इतर कामगारांच्या सुमारे ८० पट आहे. आणि अपायकारक प्रमाणातही आयसोसायनेटचा वास येत नाही.

माझे म्हणणे या क्रमातून निघते. रंग जितका पक्का होत गेला, तितका त्याचा धोका इंद्रियांना कळेनासा झाला. म्हणून घराच्या अंगणात, पडवीत किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये टू-के रंग फवारू नये.

यावर सांगितले जाते की गॅरेजातले कारागीर तोंडाला रुमाल बांधून वर्षानुवर्षे हेच करतात. खरे आहे, पण ज्यांना दमा झाला ते धंदा सोडून गेले. आपल्याला दिसतात ते टिकलेले. दुसरा मुद्दा चांगल्या मास्कचा. कोळशाची डबी असलेला मास्क थिनरला उपयोगी पडतो, कारण डबी संपली की वास येऊ लागतो. आयसोसायनेट ती सूचना देत नाही. म्हणूनच तिथे नळीने बाहेरची शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो, आणि घरच्या कॉम्प्रेसरची तेलकट हवा त्या कामाची नसते. हार्डनर आतच असलेल्या टू-के स्प्रेच्या डब्यालाही हेच लागू.

सर्वांत वजनदार आक्षेप कोकणाचा आहे: इथल्या गंजापुढे साधा रंग टिकणार कसा? पण गंज वरच्या चकाकीपासून सुरू होत नाही. तो अस्तराखाली राहिलेल्या मिठापासून सुरू होतो. पापुद्र्याखाली अडकलेले मीठ ओल ओढून घेते आणि रंगाला फोड येतात. तेव्हा पॉलिश पेपर लावण्याआधी पत्रा गोड्या पाण्याने भरपूर धुवावा, पूर्ण वाळवावा, गंज उजळ धातूपर्यंत घासावा आणि इपॉक्सी प्रायमर हातमोजे घालून ब्रशने लावावा. इपॉक्सी कातडीला बाधते, पण ब्रशने धुके उठत नाही. वरून हार्डनर नसलेला सिंथेटिक एनॅमल किंवा साधा स्प्रे पातळ थरांत, मोकळ्या जागी, कोळशाचा मास्क लावून, आसपास चूल, गॅस, सिगारेट काही पेटते नसताना मारावा. महिने निवडावेत डिसेंबर ते फेब्रुवारी. दमट हवेत नायट्रोसेल्युलोजवर पांढरट झाक येते, कारण थिनर उडताना पत्रा गार पडतो आणि हवेतले पाणी त्यावर बसते. पीयूचे हार्डनर तर ओलीशी संयोग पावून बुडबुडे सोडते. पावसाळी रत्नागिरीत पक्का म्हणून घेतलेला रंगही कच्चाच निघू शकतो.

साधा रंग लवकर फिका पडेल आणि तीनचार वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागेल, हे मान्य करायला हवे. होड्यांच्या बाबतीत हा किनारा तो हात दरवर्षी देत आला आहे. तरीही कोणाला कारखान्यासारखी चकाकी हवीच असेल, तर धुणे, घासणे, अस्तर घरी करावे आणि शेवटचा क्लिअर कोट फवारणीचा बूथ असलेल्या गॅरेजकडे द्यावा. दर विचारण्याआधी तिथल्या रंगाऱ्याला हवेची नळी मिळते का, ते विचारा. मिळत नसेल तर दुसरे गॅरेज शोधा.